सासूचं दुसरं, सुनेचं तिसरं

दुकानदाराने गळांचं खोकं पडवीत ठेवलं आणि मिस्त्रीने तोंड उघडायच्या आतच हात जोडले. "आधीच सांगतो. जुने गळ आता मिळणार नाहीत. ते बनवणारा कारखाना बंद पडला. हे नवे आहेत. बरे वाटले तर ठेवा, पण शिव्या मला देऊ नका. मी नुसता आणणारा."

मिस्त्रीने शिव्या दिल्या नाहीत. त्याने खोक्यातला एक गळ उचलला आणि दोन बोटांत धरून फिरवला. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. तार जाड होती. आणि दोरा ओवायचं नेढं जुन्या गळात सरळ काटकोनात उभं असायचं, ते यात मागे कललं होतं, उन्हात डुलक्या घेणाऱ्या माणसाच्या मानेसारखं.

"बसणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"बसवा की," दुकानदार म्हणाला. "तुम्ही मिस्त्री." एवढं बोलून तो सायकलवर बसून गेलासुद्धा.

तळ्याकाठच्या या घरात गेली चाळीस वर्षं शिशाच्या मुंडीचे गळ ओतले जात होते. काम तसं सोपं. ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या एकमेकींवर मिटल्या की मधे चार पोकळ्या तयार होत. त्यांना घरं म्हणत. प्रत्येक घरात एका गळाची दांडी ठेवायची, साचा मिटायचा, वरच्या तोंडातून तापलेलं शिसं ओतायचं आणि दहा आकडे मोजून उघडायचं. गळाच्या मानेवर हरभऱ्याएवढी गोल मुंडी बसलेली असायची. त्या वजनाने गळ थेट तळाशी जातो, दोऱ्याला झटका दिला की उडी मारतो, आणि मासा त्याला जिवंत भक्ष्य समजून फसतो. चारही घरं एकाच मापाची होती, आणि चारही मिस्त्रीने ऐन तारुण्यात स्वतःच्या हाताने कोरलेली होती.

ज्या पट्टीला खुंट्या होत्या तिचं नाव सासू, आणि त्या खुंट्या जिच्या भोकांत जात ती सून. ही नावं मिस्त्रीच्या बायकोने ठेवली होती. "टोचते ती सासू, सोसते ती सून," असं म्हणून ती स्वतःच मोठ्याने हसायची. पुढे खरी सून घरात आली तेव्हाही नावं तीच राहिली, आणि सूनही हसली. बायकोला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. साचा हातात घेतला की मिस्त्रीला तिची आठवण यायची, आणि ती यावी म्हणूनही तो साचा कधीकधी हातात घ्यायचा.

सुनेने नवा गळ घरात ठेवून साचा मिटून पाहिला. मिटला नाही. दोन पट्ट्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसत होता.

"बाबा, खाच रुंद करावी लागेल. आणि नेढ्याची जागा तिरकी."

"ते मला दिसतंय."

खरं म्हणजे दिसत नव्हतं. गेल्या वर्षभरात मिस्त्रीच्या डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि ते कुणाला माहीत नव्हतं असंही नव्हतं. जेवताना तो चमचा शोधायचा तेव्हा मुलगा हळूच चमचा पुढे सरकवायचा. झाकली मूठ सगळ्यांनी मिळून झाकून ठेवली होती.

"मी करू का?" सुनेने विचारलं. नऊ वर्षं ती शिसं ओतत होती. तिच्या पळीतून एक थेंब इकडेतिकडे सांडत नसे. पण कानस तिने कधी हातात घेतली नव्हती. कानस मिस्त्रीची.

"तू ओत. कापायचं मी बघतो. ॲल्युमिनियम आहे ते, कणीक नव्हे. एकदा कापलं की परत लावता येत नाही."

थंडी संपत आली होती. मासे अजून खोल पाण्यात होते. पण बारा-पंधरा दिवसांत ऊन तापलं असतं, मासे काठाच्या उथळ पाण्यात आले असते, आणि तळ्यावरचा झाडून सगळा मासेमार मिस्त्रीच्या दारात गळ मागायला उभा राहिला असता. तोवर साचा तयार झाला नाही तर ते लोक बाजारातले तयार गळ घेणार हे उघड होतं. पोटाची काळजी तितकीशी नव्हती. मुलगा तळ्यावर नाव चालवत होता, घर चाललं असतं. मिस्त्रीला जे कुरतडत होतं ते निराळंच होतं. एकदा लोक दुसरीकडे गेले की या पडवीत उरणार तो मिस्त्री नव्हे, नुसता म्हातारा. उन्हात खुर्ची सरकवून द्यावी लागते तसला. त्याची त्याला मरणाइतकी भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून नावेला डांबर लावायला काठावर गेली, तेव्हा मिस्त्रीने साचा शिकंज्यात आवळला. गोल बारीक कानस काढली, तिची लाकडी मूठ तळहातात बसवली आणि खाचेवरून बोट फिरवलं. खाच गहूभर लांब. तिची रुंदी बोटाला लागत होती, पण कडा कुठे संपते ते दिसायला मान इतकी खाली घालावी लागत होती की कानशीची मूठ हनुवटीला लागे. कापताना त्याची जीभ बाहेर यायची, ही जुनी सवय. बारीक चकचकीत कीस त्याच्या मिशीवर बसला. मान भरून आली, कंबर म्हणायला लागली की आता पुरे, पण त्याने ऐकलं नाही. कानशीचा आवाज मात्र चांगला येत होता. स्वच्छ, एकसारखा. आवाजावर तर चाळीस वर्षं गेली होती.

तो दिवस आणि पुढचा अर्धा दिवस त्याने कापलं. आधी सासूतली खाच, मग सुनेतली. एकच घर करून बघायचं, जमलं तर बाकीची. दुसरं घर निवडलं होतं. दोन्ही पट्ट्या ओट्यावर शेजारी शेजारी उताण्या ठेवल्या होत्या, आणि डावीकडून मोजत त्याने दोन्हींतलं दुसरं घर कापलं.

दुपारी सुनेने शेगडी पेटवली. वारा पाठीशी राहील अशा बेताने अंगणात ती बसली, साचा चिमणीच्या ज्योतीवर धरून काजळी चढवली, म्हणजे शिसं चिकटू नये. दुसऱ्या घरात गळ ठेवला आणि साचा मिटला. तिच्या भुवया किंचित वर गेल्या.

"नीट दाब," मिस्त्री म्हणाला.

"दाबते बाबा."

तिने ओतलं. शिसं वरून गेलं आणि खालून आलं. फटीतून चांदीसारखी धार निघून दगडावर पडली, एक थेंब उडून मिस्त्रीच्या चपलेवर बसला आणि चामड्यातून धूर निघाला. मिस्त्रीने पाय झटकला, तोल गेला, आणि तो शेगडीशेजारच्या लाकडांवर मटकन बसला.

"लागलं?"

"चपलेला लागलं. मला काय विचारतेस."

सुनेने साचा उघडला. आत अर्धवट, कान फुटलेली, झिपऱ्या निघालेली एक मुंडी होती. ती तिने काढून परत भांड्यात टाकली. मग ती दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिली. आधी सासूकडे, मग सुनेकडे, मग पुन्हा सासूकडे. काहीतरी तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. मिस्त्रीला पट्टी नीट दिसत नव्हती, पण तिचं गिळणं दिसलं.

"गळच वाकडे आहेत," तो म्हणाला. "काय मेले कारखाने. एकासारखा एक नाही."

"हं," सून म्हणाली.

नाचता येईना अंगण वाकडं, हे तिने म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती, मिस्त्री ते मनातल्या मनात स्वतःलाच म्हणत होता.

त्याच संध्याकाळी बगळ्या आला. हा तळ्यावरचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात बारीक मासेमार. गुडघाभर पाण्यात एका पायावर भार देऊन तासन्‌तास उभा राहतो म्हणून बगळ्या. तो येताना दिसताच मिस्त्रीने साच्यावर पोतं टाकलं आणि त्या पोत्यावर बसला.

"मिस्त्री, पाणी कोमट व्हायला लागलंय बरं का. गळ?"

"होतायत."

"दाखवा तरी एक."

"गळ काय नवरी आहे दाखवायला? झाले की ने."

"नाही म्हणजे," बगळ्याने कान खाजवला, "मी परवा बाजारात जातोय. तिथे तयार मिळतात म्हणे. प्लास्टिकच्या पाकिटात. तुम्हाला जमत नसेल तर..."

"जमत नसेल?" मिस्त्री उठणार होता, पण उठला असता तर साचा उघडा पडला असता. तेव्हा तो बसूनच भडकला, आणि बसून भडकलेल्या माणसाचा काही म्हणजे काही दरारा पडत नाही. खाली पट्टीची खुंटी त्याला टोचत होती. सासूच होती ती.

"रागावू नका हो," बगळ्या जाता जाता म्हणाला. "वय झालं की होतं असं. माझ्या आजोबांचंही झालं होतं."

रात्रीचं जेवण मिस्त्रीला गेलं नाही. मुलाने विचारलं, "बाबा, काय झालं?" तर म्हणाला, "दात दुखतोय." त्याला मागच्या बाजूला दोनच दात होते आणि दोन्ही ठणठणीत होते.

सकाळी ऊन पडवीत आलं तशी त्याने दोन्ही पट्ट्या मांडीवर घेतल्या आणि डोळे मिटून घरं बोटाने मोजली. सासूत एक, दोन. दुसऱ्या घराची खाच रुंद लागली. सून उलटी करून सासूवर ठेवली, जशी मिटताना ठेवतात तशी, आणि बोटांची नखं फटीत घालून मोजलं. पुन्हा मोजलं, तरी तेच आलं. साचा हा आरसा. शेजारी उताणी ठेवलेली पट्टी मिटताना पालथी होते, आणि जे डावीकडून दुसरं ते उजवीकडून दुसरं होतं. घरं चार. म्हणजे दुसऱ्यासमोर तिसरं. हे त्यानेच हाताखालच्या किती जणांना ओरडून शिकवलं होतं, आणि खडूची खूण न करता काम सुरू करणाऱ्याच्या डोक्यात टपली मारली होती. आता स्वतः खूण केली नव्हती, कारण खूण केली असती तरी दिसली नसती.

सून चहा घेऊन आली. त्याने कप घेतला, पण प्यायला नाही.

"सूनबाई."

"काय?"

"मी सासूचं दुसरं कापलंय आणि सुनेचं तिसरं."

तिने पट्ट्यांकडे वळूनही पाहिलं नाही.

"तुला कालच कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गळ वाकडे आहेत म्हणालात. म्हटलं, असतील बाई."

आणि तिला हसू फुटलं. दाबायला गेली तसं नाकातून आलं. मिस्त्री आधी संतापला, "हसतेस काय," म्हणाला, पण "सासूचं दुसरं आणि सुनेचं तिसरं" हे पुन्हा कानात वाजलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. बायको असती तर तिने हे गावभर केलं असतं. तो हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"बाबा, बिघडलं काहीच नाही," सून पदराने तोंड पुसत म्हणाली. "दुसऱ्या घराचं अर्धं काम झालंय, तिसऱ्या घराचंही अर्धं झालंय. उरलेलं अर्धं अर्धं केलं की दोन घरं तयार."

 इतकी साधी गोष्ट. रात्रभर तो साचा मेला म्हणून सुतक धरून बसला होता.

"मला दिसत नाही गं," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. "खाच दिसत नाही. कड दिसत नाही."

"माहीत आहे."

"मग घे." त्याने कानस तिच्या पुढ्यात धरली. "पण सांगेन तसं."

त्याने सांगितलं. गळाची दांडी चिमणीवर काळी करायची. खाचेत ठेवून पट्टी मिटायची, लाकडाने ठोकायची, उघडायची. जिथे काजळी उमटली तिथे गळ अडतोय. तेवढंच कापायचं. कानशीचे तीन हात, चौथा नाही. फुंकायचं. पुन्हा काळा करायचा, पुन्हा मिटायचं. "घाईची कापणी म्हणजे साच्याची राख. आणि त्याच्याही आधी खडूने खूण कर. सासूत एक रेघ, समोरच्या सुनेत एक रेघ."

"ती केली," सून म्हणाली. खरंच केली होती.

ती कापायला लागली. पहिल्या हाताला कानस घसरली आणि किंचाळली.

"दाबू नकोस! जाऊ दे तिला, जाऊ दे! मनगट नको, खांद्यातून! आता थांब, आवाज बदलला, टोक लागतंय, टोक लागतंय..."

"बाबा."

"काय?"

"तुम्ही बोललात की माझा हात थांबतो."

मिस्त्रीने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं, मग पुन्हा मिटलं. दुसऱ्याच्या हातात कानस आणि आपण गप्प, ही शिक्षा त्याने जन्मात भोगली नव्हती. शेवटी तो उठला, काठी घेतली आणि तळ्यापर्यंत चालत गेला. तिथूनही आवाज येत होता. तीन हात, आणि थांबणं. तीन हात, आणि थांबणं. मधेच एकदा चौथा हात ऐकू आला तेव्हा त्याने काठी पाण्यात आपटली. काठावरचं एक बदक उडालं.

तो परत आला तेव्हा ती मेणबत्ती वितळवत होती.

"हे काय?"

"शिसं ओतण्याआधी मेण ओतून बघते. भरलं की नाही ते कळतं, गळती कुठून होते ते कळतं. साचा तापवायला नको, चटका नाही, चपला जळत नाहीत."

चाळीस वर्षांत हे मिस्त्रीच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला क्षणभर हेवा वाटला, अगदी सरळसरळ हेवा, जसा बरोबरीच्या कारागिराचा वाटतो. मेणाची पांढरी मुंडी बाहेर आली. त्याने ती बोटांत घेतली. मानेपाशी एक नखाएवढी झिपरी होती.

"इथे गळतंय."

"नेढ्यापाशी. अजून दोन हात."

"दीड," मिस्त्री म्हणाला, आणि तिने दीड दिले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही घरं झाली. मेणाची शेवटची मुंडी स्वच्छ निघाली. मग साचा पुसून उन्हात चांगला वाळवला, आत मेणाचा किंवा ओलाव्याचा अंश राहिला तर तापलेलं शिसं फुटून अंगावर येतं. काजळी चढवली, दोन गळ ठेवले, आणि मिटताना दोन्ही पट्ट्यांनी टक्‌ असा आवाज केला. तो आवाज ऐकून मिस्त्रीला इतकं बरं वाटलं की त्याने डोळे मिटून घेतले. तिने ओतलं. दहा आकडे मोजले. उघडलं. दोन मुंड्या, गोल, गुळगुळीत, नेढं मोकळं, एका केसाचीही झिपरी नाही. त्याने एक उचलली आणि हात भाजला तरी खाली ठेवली नाही.

"झाली," तो म्हणाला.

मग नुसतं काम. आठ दिवस सून ओतत होती, मुलगा नावेवरून आला की मुंडीवर राहिलेल्या शिशाच्या शेपट्या सांडशीने तोडत होता, आणि मिस्त्री तयार गळ बोटांनी तपासून डावे-उजवे करत होता. चांगले टोपलीत, बाद भांड्यात. यासाठी डोळे लागत नव्हते. तिच्या हातचे बाद गळ शंभरात दोन-तीनच निघायचे, आणि त्यातलाही एखादा मिस्त्री खोडी म्हणून काढायचा. ती तो पुन्हा टोपलीत टाकायची. ऊन तापत चाललं होतं, दुपारी अंगणातल्या दगडावर पाय ठेववत नव्हता, आणि घरात कुणाचा दात दुखत नव्हता.

पाणी कोमट झालं तसे लोक आले. दारात सायकली लागल्या. बगळ्यानेही बाजाराचं नाव काढलं नाही, मूठभर गळ घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर अंगणात उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, मानलं. मुंडी अशी बसलीय की गळ तळाला सरळ उभा राहतो. म्हातारा झालात तरी हात तोच आहे हो!"

"तोच हात," दुसरा कुणी म्हणाला.

"मिस्त्री म्हणजे मिस्त्री."

मिस्त्री पडवीत बसला होता. ते ऐकायला इतकं गोड होतं, इतकं हवंहवंसं होतं की त्याने मान डोलावली. "चालायचंच," असंही म्हणून गेला. आत सून भांडी घासत होती. तिने एक पातेलं जरा जोरात ठेवलं. तेही कदाचित हातून निसटलं असेल.

पण मिस्त्रीला चहा कडू लागला. दिवसभर त्याला त्या "चालायचंच"ची लाज वाटत राहिली. पोत्यावर बसलो होतो तेव्हा बरा होतो, त्याला वाटलं. तेव्हा निदान स्वतःचीच चूक झाकत होतो. आज दुसऱ्याचं काम झाकलं.

दोन दिवसांनी बगळ्या पुन्हा आला, बरोबर आणखी चार-पाच जण. त्याच्या हातात एक विचित्र गळ होता. चपट्या दांडीचा, आगकाडीएवढा जाड, नेढं पार आडवं. कुठून तरी दुसऱ्या पाण्यावरून मिळवलेला.

"मिस्त्री, मोठ्या माशासाठी. याला एक घर कापून द्या. चौथं घर मोकळंच आहे ना? कधी मिळेल?"

त्याने गळ पुढे धरला. मिस्त्रीने हात पुढे केला नाही.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "मिस्त्रीला विचार."

लोक हसले. बगळ्याही हसला. "तुम्हीच की मिस्त्री."

"मी नाही. मला त्या गळाचं नेढं दिसतसुद्धा नाही. तुम्ही परवा ज्या हाताचं कौतुक केलंत ना, तो हात आत भांडी घासतोय. मी कापलं ते चुकलं होतं. सासूचं दुसरं आणि सुनेचं तिसरं. तिने ते निस्तरलं, आणि परवा मी कौतुक ऐकून मान डोलावली."

 मिस्त्रीला वाटलं होतं हे बोलणं जड जाईल. तसं काहीच झालं नाही. उलट पोट भरून जेवल्यावर वाटतं तसं वाटलं.

बगळ्या गोंधळून इकडेतिकडे बघत होता. "मग तुम्ही कोण?"

"मी?" म्हातारा म्हणाला. "मी मिस्त्रीचा सासरा."

सून दारात आली होती. हात ओले होते, कोपरापर्यंत फेस होता. तिने सासऱ्याकडे एकदा पाहिलं. मग तिने पदराला हात पुसले, बगळ्याच्या हातातला गळ घेतला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि दांडीवरून अंगठा फिरवला.

"परवा दुपारी या," ती म्हणाली. "सकाळी नको. सकाळी मी कापत असते, तेव्हा कुणी बोललेलं मला चालत नाही."